मेहरानगढावर आईनं आधी पाणी बघितलं

माणकाठ

राम राम मंडळी. संक्रांत झाल्यावर आईला घेऊन जोधपूरला जाऊन आलो. येऊन आठवडा झाला तरी मेहरानगढ डोळ्यांपुढून हलत नाही. गडकोटांवर लिहिणारे जाणते लोक इथं या मंचावर आहेत, त्यांच्याइतका माझा अभ्यास नाही. पण आईच्या शेजारी उभं राहून तो गड बघताना जे दिसलं ते मांडावं असं फार वाटलं.

जोधपूरच का, ते आधी सांगतो. मामाचं तिथल्या सराफ्यात गलाईचं दुकान आहे. आटपाडी, खानापूर, कडेगाव, तासगावकडच्यांना हे नवं नाही. आमच्या भागात पाऊस बेभरवशाचा, मग पोरं सोनं-चांदी गाळायला देशभर गेली. सराफाकडची मोड, म्हणजे जुने मोडके दागिने घ्यायचे, मुशीत घालून भट्टीत वितळवायचे, तेजाबानं शुद्ध करायचे, टंच, म्हणजे शुद्धता किती ते काढून द्यायचं. मामा सोळाव्या वर्षी गेला. पहिली काही वर्षं भट्टीशेजारीच झोपायचा. आता तिथं घर झालं, पोरं तिथलीच झाली, तरी यात्रेला गावी येतोच. दर यात्रेला आईला म्हणायचा, ये एकदा. आई म्हणायची, "हितं बी दुष्काळ, तितं बी दुष्काळ. बघायला काय यायचं?"

गड पहिल्यांदा दिसला तो मामाच्या गच्चीवरून, सकाळच्या उन्हात. भोवती सगळं सपाट, आणि गावाच्या डोक्यावर सव्वाशे मीटरच्या आसपास उंच कातळ. कातळ कुठं संपतो आणि भिंत कुठं सुरू होते ते लांबून कळतच नाही. काही ठिकाणी तटाची उंची छत्तीस मीटरपर्यंत जाते. राव जोधानं १४५९ मध्ये मंडोरची राजधानी सोडून इथं गड घातला, गावाला नावही त्याचंच. रिक्षा जय पोळीपर्यंत जाते (पोळ म्हणजे दरवाजा) आणि तिथून वर जायला लिफ्ट आहे. आईच्या गुडघ्यांमुळं मी हे आधीच विचारून ठेवलं होतं. पण उतरताना ती हट्टानं पायीच आली, कारण तिला दरवाजे बघायचे होते. एका दरवाज्यावर तोफगोळ्यांचे खड्डे अजून तसेच आहेत. लोहा पोळीशी भिंतीत सती गेलेल्या राण्यांच्या हातांचे ठसे आहेत, शेंदूर लावलेले. आई तिथं बराच वेळ थांबली. "केवढुसे हात हायत रं," एवढंच म्हणाली आणि पुढं झाली.

महाल आणि संग्रहालय मी थोडक्यात आटोपतो, त्याचे फोटो सगळीकडं मिळतील. फूल महालाचं सोन्याचं छत, मोती महालाच्या चकाकत्या भिंती, झरोक्यांची दगडी जाळी, हत्तीवरचे हौदे, पालख्या, पाळणे. जाळी मात्र जवळून बघा. लाल वाळूखडक असा कोरलाय की विणल्यासारखा वाटतो, आणि तिच्यातून वारा गार होऊन आत येतो.

खरी गोष्ट तटावर घडली. सगळी गर्दी खालच्या गावातल्या निळ्या घरांच्या बाजूला, फोटो काढत. मीही तिकडंच. मागं वळून बघतो तर आई नाही. ती पार दुसऱ्या बाजूच्या तटाला टेकून खाली बघत उभी. मला हाक मारली, "अरं, हितं पाणी हाय की!"

खाली रानीसर तलाव होता. जोधाची राणी जसमादे हाडी हिनं तो बांधवला, गडाच्याच सुमाराला. त्याच्या खालच्या अंगाला पदमसर. रानीसर भरला की सांडवा पदमसरात. भोवतीच्या उघड्या कातळावर जो काही पाऊस पडेल तो चर आणि नाल्यांनी वळवून या दोन तलावांत आणलाय. पुढं सोळाव्या शतकात राव मालदेवनं तट वाढवून रानीसरच गडाच्या आत घेतला. म्हणजे वेढा पडला तरी पाणी आपलं. पदमसर गावाच्या उपयोगाला. वर्षाला जेमतेम साडेतीनशे-चारशे मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावात पाचशे वर्षांमागं हा हिशेब कुणीतरी मांडला होता. आईनं मला विचारलं, "उन्हाळ्यात टिकतं का?" माझ्याकडं उत्तर नव्हतं. तिनं मग तिथल्या पहारेकऱ्याला खुणेनं, मोडक्या हिंदीत विचारलं. तो म्हणाला, टिकतं. तिनं मान हलवली आणि मग कुठं निळी घरं बघायला आली.

तिथं एक कथा सांगतात. या टेकडीवर चिडियानाथ नावाचे जोगी राहत. गडासाठी त्यांना उठवलं, तेव्हा ते झोळीत धुनीचा विस्तव घेऊन निघाले आणि म्हणाले, तुझ्या गडाला पाणी पुरायचं नाही. जोधानं त्यांची समजूत काढली, त्यांच्यासाठी देऊळ बांधलं. तरीही शापाची भीती राहिली म्हणून गडाच्या पायाभरणीत एक माणूस जिवंत गाडला असं सांगतात. त्याचं नाव राजाराम मेघवाल. त्याच्या वंशजांना जमीन दिली, गडात त्याच्या नावाचा दगड आहे. राजाचं नाव सगळ्या गावाला आणि याचं नाव एका दगडाला, हे मला तिथं फार लागलं. आपल्याकडंही तळ्याला पाणी लागेना म्हणून सून दिली अशा ओव्या आहेत. आईला त्यातली एक येते, पण तिथं म्हणाली नाही.

गडावरून लांब उमेद भवन दिसतं. तो राजवाडा १९२९ ते १९४३ या काळात बांधला आणि दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं हे त्यामागचं कारण होतं. हे मी आईला सांगितलं. माझी आई १९७२ च्या दुष्काळात दहा-अकरा वर्षांची होती, आजीबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय. ती राजवाड्याकडं बघत राहिली. "मंजी हितं बी बायकांनी पाट्या वाहिल्या असतील. आमी रस्ता केला, त्यांनी वाडा."

आता ज्यासाठी धागा काढला ते. जोधपूरला आज पाणी येतं ते इंदिरा गांधी कालव्याचं. पंजाबात हरिकेला सतलज-बियासचं पाणी अडवतात, ते शेकडो किलोमीटर चालून, वाटेत पंपांनी उचलून इथं पोचतं. ते नळाला आलं तशा जुन्या विहिरी, बावड्या, झालरे (पायऱ्यांच्या विहिरी) लोकांनी सोडून दिले. उपसा थांबला, आणि १९९० च्या दशकानंतर जुन्या गावात जमिनीतलं पाणी एवढं वर आलं की तळघरांत शिरायला लागलं. वाळवंटातल्या गावात तळघरातलं पाणी पंपानं बाहेर काढावं लागतं! मामाच्या ओळखीच्या एका दुकानात मी हे डोळ्यांनी बघितलं.

आमच्याकडं टेंभू योजनेचं पाणी आलं. कऱ्हाडजवळ कृष्णेतून उचलून टप्प्याटप्प्यानं आटपाडीपर्यंत. ज्यांनी छावणीत जनावरं बांधलीत त्यांनाच त्याची किंमत कळेल, मी त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण आमच्या वस्तीवरचा आड गेल्या सहा वर्षांत कुणी उपसलेला नाही. त्यात आता प्लास्टिक आहे. तो आड आमच्या पणज्यानं खणला. तुमच्या गावात काय आहे, कुणी सांगाल का?

अजिंक्यताऱ्याच्या सावलीत

दादा, वाचता वाचता उठून खिडकीत गेलो. आमच्या खिडकीतून अजिंक्यतारा दिसतो. सातारा आणि जोधपूर, दोन्हीकडं गावाच्या डोक्यावर गड, आणि गाव गडाकडं बघूनच दिशा सांगतं.

अजिंक्यताऱ्यावरही वर सात तळी आहेत. १६९९ च्या डिसेंबरात औरंगजेब स्वतः गडाच्या पायथ्याशी येऊन बसला. किल्लेदार प्रयागजी प्रभूंनी साडेचार महिने गड लढवला. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग लावले, त्यातला एक उलटला आणि त्यांचेच कितीतरी लोक गाडले गेले. एवढे दिवस वर माणसं राहिली ती याच तळ्यांच्या आधारानं. पुढं शाहू महाराजांनी गावच खाली वसवलं. माणसं खाली आली आणि तळी वरच राहिली.

आता सकाळी फिरायला शेकडो लोक गडावर जातात. मंगळाईच्या देवळापर्यंत जातात, सूर्योदयाचे फोटो काढतात. तळ्याकडं किती जण जातात? मीही वर्षभर गेलो नव्हतो. आज संध्याकाळी जाऊन आलो. दोन तळ्यांत पाणी आहे, वर शेवाळ. बाकीची गाळानं भरलीत.

साताऱ्यालाही उंचावरून पाणी आणण्याची जुनी ओळख आहेच. कास तलावाचं पाणी उतारानं गावात येतं, पंप न लावता.

दगडधोंडे

माणकाठ, एका गोष्टीची भर घालतो, कारण ती तुमच्या पाण्याशी जोडलेली आहे.

मेहरानगढ ज्या कातळावर उभा आहे तो रायोलाइट. तोही आपल्यासारखाच ज्वालामुखीतून आलेला. पण आपला सह्याद्रीचा काळा दगड सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, आणि तो रायोलाइट सुमारे पंच्याहत्तर कोटी वर्षांचा. म्हणजे आपला पन्हाळा, अजिंक्यतारा, बाणूरगड ज्या लाव्हातून झाले तो बाहेर पडला तेव्हा जोधपूरचा डोंगर म्हाताराच होता. त्या रायोलाइटवर पुढं वाळूखडकाचे थर बसले. गडाच्या पायथ्याशी हे दोन्ही दगड एकमेकांना भेटतात ती जागा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखलेली आहे. बहुतेक लोक तिच्यासमोर रिक्षा थांबवून पाणी पितात आणि पुढं जातात.

पाण्याचं असं, की हा रायोलाइट घट्ट आणि कडक. पडलेलं पाणी त्याच्यावरून पळतं. म्हणून थोडक्या पावसातही तलाव भरतो, फक्त वाट करून द्यावी लागते. जोधाच्या माणसांना दगडाचं वय माहीत नव्हतं, पण त्याचा स्वभाव नक्की माहीत होता. आणि जाळ्या, झरोके ज्यात कोरलेत तो वाळूखडक मऊ, छिन्नीचं ऐकणारा. पाया कडक दगडावर, नक्षी मऊ दगडात. आपल्या काळ्या दगडात, बेसाल्टात, तशी जाळी कोरायला बसलात तर जन्म जाईल.

गलाईवाल्याची लेक

माणकाठ दादा, मी त्याच गावात वाढले. बाबांचं दुकान तिथं, आमचं मूळ गाव खानापूर तालुक्यात. शाळेत मारवाडी, घरात आपली भाषा. लग्न होऊन आता विट्याला आहे. कुणी जोधपूरवर मराठीत लिहिलेलं पहिल्यांदा वाचलं, डोळे भरून आले.

निळ्या घरांबद्दल लिहिते. गाईड सांगतात ब्राह्मणांची घरं निळी. ब्रह्मपुरी म्हणून वस्ती आहे गडाखाली, ते काही अंशी खरं. पण शेजारची आजी सांगायची, चुन्यात नीळ घातली की घर गार राहतं; मोरचूद घातला तर वाळवी लागत नाही. आणि गंमत म्हणजे आमच्या गावाकडच्या आजीच्या घरातही दिवाळीला चुन्यात नीळच घालत. मी सुट्टीत यायचे तेव्हा वाटायचं, दोन्ही आज्या एकमेकींना ओळखतात की काय. आता तिथं नवी घरं सिमेंटची होतात, कुणी पिवळा लावतं, कुणी टाईल्स. वरून बघताना निळा तुकड्या-तुकड्यांत दिसतो.

दुसरं लिहावं की नको, बराच वेळ विचार केला. ३० सप्टेंबर २००८, नवरात्राचा पहिला दिवस. गडावर चामुंडामातेचं देऊळ आहे, जोधानं मंडोरहून देवी आणलेली. पहाटेपासून रांग. उतारावरच्या अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली आणि दोनशेहून जास्त माणसं गेली, बहुतेक तरुण मुलं. आमच्या गल्लीतली दोन घरं त्या दिवशी रिकामी झाली. आईनं कित्येक दिवस आम्हाला गडाकडं बघू दिलं नाही. पण तो गड आहे, न बघता कसा राहील? घराच्या प्रत्येक खिडकीत तोच.

माणकाठ दादा, आईंना घेऊन देवळात गेला होतात का?

वाईकर

ताई, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

२५ जानेवारी २००५, मांढरदेव. काळूबाईची शाकंभरी पौर्णिमेची यात्रा. आमच्या वाईपासून वर डोंगरावर. जवळपास तीनशे माणसं गेली. मी तेव्हा महाविद्यालयात होतो, संध्याकाळी आम्ही पोरं वाईच्या दवाखान्यात मदतीला गेलो होतो. तेही उंचावरचं देऊळ, तीही पायऱ्यांची अरुंद वाट, तीही लेकुरवाळी माणसं. त्यानंतर वाट रुंद झाली, दुकानं हलवली, रांगेची व्यवस्था झाली. ज्याला गड-डोंगरावरच्या देवीला जायचं आहे त्यानं यात्रेचा मुख्य दिवस टाळून जावं, देवी तीच असते. माझी आई आता पौर्णिमा सोडून मंगळवारी जाते.

माणकाठ

ताई, गेलो होतो. मला त्या घटनेची माहिती मामानं आदल्या रात्री दिली होती, त्यामुळं पाय जडच होते. साधा दिवस, दहा-बारा माणसं. आईनं ओटी भरली. वर आकाशात घारी फिरत होत्या, तिथं घारींना मांस घालायची जुनी रीत आहे, कारण घार हे देवीचं रूप मानतात. आई हात जोडून घारींकडं बघत राहिली.

बखरवाचक

चांगला धागा. इतिहासाची एक बाजू राहिली, ती सातारा जिल्ह्याशी थेट जोडलेली आहे.

शिंद्यांचं मूळ गाव कोरेगाव तालुक्यातलं कण्हेरखेड. राणोजींचे थोरले चिरंजीव जयाप्पा शिंदे. मारवाडच्या गादीवरून रामसिंग आणि विजयसिंग यांचं भांडण लागलं, मराठे रामसिंगाच्या बाजूनं उतरले. विजयसिंग नागौरच्या किल्ल्यात कोंडला गेला. वेढा महिनोन्‌महिने चालला. जुलै १७५५ मध्ये बोलणी करायला आलेल्या माणसांनी छावणीत जयाप्पांवर घाव घातला. नागौरजवळ ताऊसरला त्यांची छत्री आहे. कण्हेरखेडचा माणूस मारवाडच्या वाळूत राहिला.

त्याआधी १७३२ मध्ये डाकोरला पिलाजी गायकवाडांचा असाच घात झाला. तोही वाटाघाटीच्या निमित्तानं, आणि पाठवणारा जोधपूरचा अभयसिंग, म्हणजे ज्याचा फूल महाल तुम्ही बघितलात तोच. संग्रहालयात महाडोल नावाची मोठी पालखी बघितली असेल, ती त्यानं १७३० मध्ये गुजरातच्या सुभेदाराकडून आणली.

हे सांगताना एक जबाबदारीही वाटते. तिथल्या लोकांच्या स्मरणात मराठे म्हणजे खंडणीला येणारी फौज. चौथाईनं आणि वेढ्यांनी मारवाडची रयत पिळून निघाली हेही तितकंच खरं. १७९० मध्ये मेडत्याला महादजींच्या फौजेनं राठोडांना हरवलं, त्यात तिथले घोडेस्वार शेवटपर्यंत लढून पडले. आपण गड बघायला जातो तेव्हा हे डोक्यात असावं. आपल्या पूर्वजांचा त्या दरवाज्यांशी संबंध पाहुण्याचा नव्हता.

कृष्णाकाठी

मला वेगळंच वाटतं, थोडं सलतंय ते लिहिते. आपल्याकडचा कुठलाही किल्ला घ्या, चौथरे, पडका वाडा, बुरुजात उगवलेला पिंपळ. तिथं मात्र छताच्या सोन्यासकट सगळं जागेवर. आपल्या लोकांना गडाची चाडच नाही, असं म्हणावंसं वाटतं. चार वर्षं आम्ही काही जणी मिळून एका किल्ल्याची टाकी साफ करायचा प्रयत्न केला. परवानगीसाठी ज्या कार्यालयात खेटे घातले त्याचं नाव घेत नाही. दोन पावसाळे गेले तरी कागद हलला नाही.

बखरवाचक

कृष्णाकाठी ताई, तुमचा त्रास खरा आहे. पण चाड नाही हे मला पटत नाही. १८१८ नंतर इंग्रजांनी आपल्या गडांच्या वाटा आणि दरवाजे मुद्दाम फोडले, पुन्हा कुणी आश्रय घेऊ नये म्हणून. त्याच वर्षी जोधपूरनं इंग्रजांशी तह केला, गड राजाच्या हातात राहिला. मग १९७२ मध्ये महाराजा गजसिंग यांनी न्यास स्थापून गड त्याच्याकडं दिला. तिकिटाचे पैसे गडावरच लागतात, कारागीर कायम नेमलेले असतात. एका घराकडं साडेपाचशे वर्षं राहिलेली वास्तू आणि तोफा लावून पाडलेली वास्तू यांची तुलना होत नाही.

कृष्णाकाठी

तहाचं माहीत नव्हतं. पण दादा, दरवाजे इंग्रजांनी पाडले, टाक्यात गाळ कुणी साठू दिला? दोनशे वर्षांत तो उपसायला राजा लागत नव्हता. माझं म्हणणं मी मागं घेत नाही.

सौंदड

ताई, तुमच्या प्रश्नाचं एक उत्तर त्याच गडाखाली आहे. माणकाठ, तुम्ही राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये गेला होतात का? गेला नसाल तर परत जा, मी मनापासून सांगतो.

गडाभोवतीचे सुमारे सत्तर हेक्टर कातळ वेड्या बाभळीनं व्यापले होते. तीच, जी आपल्या माणदेशात ओढ्यांना लागलीय. मेक्सिकोकडची ही बाभूळ, तिकडं तिला बावळिया म्हणतात. २००६ पासून प्रदीप क्रिशन आणि त्यांच्या माणसांनी ती काढायला घेतली. वरून तोडली की ती दुप्पट फुटते, हे आपल्यालाही माहीत आहे. मुळं कातळाच्या फटीत. सुरुंग लावता येईना, गड हादरेल. मग त्यांनी खांडवालिया लोकांना बोलावलं, पिढ्यानपिढ्या वाळूखडकाच्या खाणीत काम करणारी माणसं. ती हातोड्यानं दगड वाजवून आवाजावरून फट कुठं आणि कशी गेलीय ते ओळखतात. छिन्नीनं हात-दीड हात खोल जाऊन एकेक खोड मुळासकट काढलं. त्याच खड्ड्यात मग तिथलीच झाडं लावली: थोर, कुमट, कैर, गुग्गुळ, रोहिडा. २०११ मध्ये ती बाग लोकांना खुली झाली. पावसाचं पाणी तलावांकडं नेणाऱ्या जुन्या चरातून तिथं चालता येतं. माणसानं कातळ फोडून केलेली ती खोल वाट आहे.

दुसरं, अभयसिंगाचं नाव निघालंच आहे म्हणून. १७३० मध्ये त्याच्या नव्या महालाचा चुना भाजायला लाकूड हवं होतं. माणसं जोधपूरजवळच्या खेजडली गावात खेजडी तोडायला गेली. अमृतादेवी बिष्णोई झाडाला मिठी मारून उभी राहिली. ती आणि तिच्यामागून एकूण ३६३ माणसं झाडांसाठी मेली. राजानं मग बिष्णोईंच्या गावात हिरवं झाड तोडायला बंदी केली. खेजडी म्हणजे आपली शमी. आपल्याकडं गावोगाव तिला सौंदड म्हणतात, माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. दसऱ्याला जिची पूजा करतो ती. आणि वेडी बाभूळ तिच्याच कुळातली. एक जमिनीला धरून राहते, दुसरी दुसऱ्या कुणाला उगवू देत नाही.

विसापूरकर

माणकाठ, तुमच्या आईंच्या खडीबद्दल. दुष्काळात हाताला काम हा राजाचा उपकार नसून माणसाचा हक्क आहे, हा विचार कायद्यात आणणारे वि. स. पागे आमच्या तासगाव तालुक्यातले. रोजगार हमीचा पहिला प्रयोग आमच्या विसापुरातच झाला. उमेद भवन राजाच्या मर्जीनं बांधलं गेलं. तुमच्या आईंच्या पिढीनं जे पाझर तलाव आणि रस्ते केले, त्यातून पुढं कायदा उभा राहिला. वाडा मोठा की रस्ता मोठा हे मी सांगायला नको. आईंना माझा नमस्कार सांगा.

माणकाठ

सगळ्यांचे प्रतिसाद रात्री आईला वाचून दाखवले. विसापूरकर, तुमचा नमस्कार पोचला. ती म्हणाली, "आमी केलेला रस्ता अजून हाय, त्याच्यावरनंच एस्टी येती."

बखरवाचक, जयाप्पांचं मामाला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, नागौरला धंद्यासाठी वीस वेळा गेलो, ताऊसर नाव ऐकलंय, छत्री आपल्या माणसाची आहे हे आज कळलं. पुढच्या खेपेला हार घेऊन जाणार आहे.

सौंदड दादा, बागेत आम्ही गेलो नाही, आईला ती उतरण जमली नसती. पण तुमच्या लिहिण्यानं एक गाठ सुटली. मामीनं येताना वाळवलेली कैर-सांगरी बांधून दिली होती. परवा ताकात भिजवून भाजी केली. आई एकेक शेंग बोटात धरून बघत होती, म्हणाली, ही शेंग मी कुठंतरी बघितलीय. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला, तेव्हा एकदम उठली. सांगरी म्हणजे खेजडीच्या कोवळ्या शेंगा, आणि खेजडी म्हणजे सौंदड. आमच्या खालच्या बांधावर सौंदडीची दोन झाडं आहेत. शेळ्या त्याच्या शेंगा खातात, आम्ही दसऱ्याला फांदी आणतो, बस्स. भाजी होते हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. १९७२ मध्ये पोटाला नव्हतं तेव्हाही ती झाडं तिथंच होती, हे ती दोनदा बोलली.

आडाचं सांगतो. चुलतभावाशी बोललो, गाळ काढायला तो तयार आहे, मोटर माझी. आधी प्लास्टिक वर घ्यावं लागेल.

आईचं मात्र आता वेगळंच चाललंय. आज सकाळी गुडघ्याला पट्टा बांधून बांधावर गेली होती. म्हणाली, अजून फुलोरा पण नाही, चैत संपता संपता कोवळ्या शेंगा धरतील. मामीला विचारून ठेवायला सांगितलंय, सावलीत वाळवायच्या की उन्हात.

गलाईवाल्याची लेक

दादा, आईंना सांगा, आधी मिठाच्या पाण्यात एक उकळी द्यायची, मग उन्हात वाळवायच्या. मामी पण हेच सांगतील.